हॉईट्सचा खासगी क्लब

३ जुलै १९६४, शुक्रवार

दुसऱ्या नळाला नक्की किती खर्च आला, याचा हिशोब पंधरा वर्षांत कधी केला नव्हता. आज केला. १९४९ साली हॉटेल बांधलं तेव्हा मागच्या बाजूला काळ्यांसाठी वेगळा नळ, वेगळा संडास, वेगळं दार आणि जेवण बांधून द्यायची खिडकी केली. चाळीस फूट पाइप, विटा, गवंड्याची सहा दिवसांची मजुरी आणि दोन पाट्या मिळून सहाशे अकरा डॉलर. तेवढ्यात त्या वेळी चालता जुना ट्रक आला असता. आणि दोन्ही नळांना पाणी एकाच विहिरीचं.

काल वॉशिंग्टनला अध्यक्षांनी कायद्यावर सही केली. आजपासून हॉटेलात कोण बसेल हे हॉटेलवाल्यानं ठरवायचं नाही.

खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर सकाळपासून चौकातली सगळी वजनदार मंडळी होती. वकील ब्रॅसवेल, म्हणजे कर्नल (आमच्याकडे वकील झाला की कर्नल म्हणतात, यानं बंदूक फक्त पारव्यांवर चालवली आहे), पेट्रोल पंपवाला डर्वूड पीविट आणि कोर्टातले दोन कारकून. सगळे कपात बघत बसलेले. माझा बाप कर्नलच्या वडिलांच्या शेतात वाट्यानं कापूस करायचा. आज तो कर्नल माझ्या टेबलावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. मग मीच म्हणालो, "मंडळी, सगळ्या जॉर्जियात शेवटचं उघडेल ते दार हॉईट लेडबेटरचं."

टेबलावर मुठी आपटल्या. डर्वूडनं पाठ थोपटली आणि मला कॉफी पाजली. कॉफी माझीच, पण पैसे त्यानं दिले.

७ जुलै, मंगळवार

कर्नलनं वाट काढली. हा कायदा हॉटेलला लागू आहे, खासगी क्लबला नाही.

"म्हणजे आजपासून हे हॉटेल नाही," तो म्हणाला. "क्लब आहे. एक डॉलर द्यायचा, कार्ड घ्यायचं, सभासदत्व आजन्म. कार्ड नाही त्याला आत जागा नाही."

त्यानं तीन पानी घटनाही लिहून दिली. एकदा केलेला सभासद काढायचा तर सगळ्या सभासदांपैकी दोनतृतीयांश लोकांनी समोर बसून मत द्यायला हवं, असं एक कलम घातलं. म्हणाला, हे कुंपण आहे. वॉशिंग्टनचा कुणी आला तरी आपल्यातल्या एकालाही हलवू शकणार नाही. माझा ऊर भरून आला. त्यानं पंचवीस डॉलर घेतले.

इमोजीननं कार्डं टाइप केली. पहिलं माझं, दुसरं तिचं.

"भांडी घासायला कितवा क्रमांक लागतो?" तिनं विचारलं. बायको चांगली आहे, पण सार्वजनिक कामात तिचं लक्ष नाही.

ओडेसा पहिल्या दिवसापासून माझ्याकडे स्वयंपाकाला आहे. पाच काउंट्यांतून लोक येतात ते तिच्या हातच्या जेवणासाठी, हे मी तिला सोडून सगळ्यांना सांगतो. तिनं पीठ मळता मळता विचारलं, "मिस्टर हॉईट, मी आता हॉटेलात कामाला की क्लबात?"

"क्लबात."

"क्लबात पगार जास्त असतो म्हणतात."

मी पोटभर हसलो. ती हसली नाही, पण तिचा चेहराच तसा आहे.

दुपारी मेकनचा एक बुटांचा फिरता विक्रेता आला. कार्ड नव्हतं म्हणून दारात अडवला. भुकेनं त्याचा चेहरा उतरलेला. शेवटी एक डॉलर घेऊन तिथल्या तिथे आजन्म सभासद करून टाकला. फ्लोरिडाचा रस्ता पुढून जातो, संध्याकाळपर्यंत असे अकरा झाले. धंद्याला वाईट नाही.

१८ जुलै, शनिवार

रिपब्लिकन पक्षानं राष्ट्राध्यक्षपदाचा आपला उमेदवार ठरवला. या कायद्याविरुद्ध मत दिलेला माणूस. टेबलावर तोच विषय.

आमच्या टोहाली काउंटीत माणूस आधी डेमोक्रॅट जन्मतो, मग त्याचं नाव ठेवतात. रिपब्लिकन म्हणजे ज्यांच्या फौजेनं आजोबांचा कापूस जाळला ते. पण आता आपलाच पक्ष हा कायदा करून बसला.

"जायचं तर आताच," डर्वूड म्हणाला.

"जायचंच," कर्नल म्हणाला. "फक्त सुरुवात कुणी करायची तो प्रश्न. मी काउंटीचा वकील पडलो. डर्वूडच्या पंपावर शेरीफच्या आणि शाळेच्या गाड्या भरतात. आमचे हात बांधलेले. तू मोकळा माणूस आहेस, हॉईट. तू पक्षाची समिती काढ, अध्यक्ष हो. आम्ही साठजण मागून येतो."

अध्यक्ष. काउंटीचा पहिला रिपब्लिकन. उमेदवार मेकनला येईल तेव्हा अध्यक्षांची खुर्ची मंचावर असते, हेही कर्नलनंच सांगितलं. माझ्या बापाला त्याच्या बापाच्या घरात मागच्या पायऱ्यांवर उभं करत. मी सगळ्यांचे कप पुन्हा भरले.

घरी इमोजीनला सांगितलं. ती म्हणाली, "तळ्यात साप आहेत का बघायला आधी कुणाला उतरवतात माहीत आहे?"

"कुणाला?"

"ज्याला 'तू मोकळा माणूस आहेस' म्हणतात त्याला."

२९ जुलै, बुधवार

अटलांटाच्या पक्षकार्यालयाचं उत्तर आलं. तीनदा वाचलं. टोहाली काउंटीत पक्षाची अधिकृत समिती आहे. १९०८ पासून आहे. नव्या माणसाला अध्यक्ष व्हायचं तर आधी तिचा सभासद व्हावं लागेल, मग सभेत निवडून यावं लागेल, आणि हे सगळं २५ ऑगस्टच्या आत. कुणा दंतवैद्यानंही चौकशी केली आहे म्हणे. सध्याचे अध्यक्ष: मि. एल. मिम्स, पत्ता रूट नंबर दोन.

माझ्या कानावरून न जाता या काउंटीत मांजरसुद्धा वीत नाही. मिम्स नावाचा गोरा माणूस इथे नाही. स्वयंपाकघरात गेलो.

"ओडेसा, तुझं आडनाव मिम्स ना? कुणी एल. मिम्स ओळखीचा आहे का?"

"आमचे हे."

"कोण हे?"

"लफेट. दर शुक्रवारी तुमच्या भट्टीला हिकरीची लाकडं आणून टाकतात ते. पंधरा वर्षं झाली."

"लाकूडवाला लफेट रिपब्लिकन आहे?"

"त्यांचे वडीलही होते. गुलामी काढली त्या पक्षात ते राहिले, मिस्टर हॉईट. तुम्ही त्यांना पावसापाण्याचं विचारायचात, पक्षाचं कधी विचारलं नाहीत."

३० जुलै, गुरुवार

टेबलावर सांगितलं. आधी कुणाला खरं वाटेना. मग कारकुनांना हसू आवरेना. कर्नलनं डोळे पुसले आणि म्हणाला, "म्हणजे आपल्या पक्षात जायला आपल्याला त्याची परवानगी लागणार." डर्वूड तेवढा हसला नाही. लफेटचं घर नक्की कुठे, पुलाच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच त्यानं विचारलं. मी सांगितलं. सगळ्यांना माहीत आहेच.

३ ऑगस्ट, सोमवार

शनिवारी रात्री मिम्सच्या घरावर कुणीतरी गाडीतून गोळ्या झाडल्या. ओसरीची खिडकी गेली, एक कोंबडी मेली. माणसांपैकी कुणाला लागलं नाही. शेरीफच्या डेप्युटीनं टायर फुटल्याचा आवाज असेल असं लिहून घेतलं.

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. म्हणजे टेबलावर सांगितलं होतं तेवढंच.

ओडेसा आज वेळेवर आली. तिनं फारसं मनाला लावून घेतलेलं दिसत नाही. तिची मऊ, पावासारखी बिस्किटं रोजच्यासारखीच फुगली होती. डर्वूडनं दोनदा मागून घेतली.

६ ऑगस्ट, गुरुवार

दंतवैद्याच्या आधी हालचाल करायला हवी म्हणून मीच लफेटकडे गेलो. खिडकीला पुठ्ठा लावलेला. तो ओसरीवर खुर्चीत होता. साठीच्या पुढचा माणूस. इतक्या वर्षांत त्याला बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यानं मलाही खुर्ची दिली.

"लफेट, तुला माझं काम माहीत आहे."

"ओडेसा म्हणाली. पक्षात यायचंय म्हणे."

"तू कागद माझ्या हवाली कर, एवढंच. तुला काय उपयोग त्यांचा?"

"उपयोग बघून ठेवले असते तर केव्हाच फेकले असते." त्यानं आतून पत्र्याचा डबा आणला. त्यात वही होती, सुरेख अक्षरातली. "नियम साधे आहेत. अध्यक्षांच्या नावे अर्ज. सभेत दोन सभासदांनी नाव सुचवायचं. सभा कोर्टाच्या चौकातच व्हायला हवी, भर दिवसा, आठ दिवस आधी नोटीस लावून."

"मग घे की."

"गेली पंचवीस वर्षं कोर्टवाले आम्हाला खोली देत नाहीत. आम्ही कोर्टाच्या पायऱ्यांपाशी पाच मिनिटं उभे राहून सभा उरकतो. पण नवा सभासद घ्यायचा तर बसून मतं मोजावी लागतात." त्यानं वही मिटली. "चौकात बसायला टेबलं एका ठिकाणीच आहेत. पण तुमचं हॉटेल तर आता खासगी झालं, मिस्टर हॉईट. आम्हाला काही येता यायचं नाही."

गाडीत बसलो आणि पुलावर पोहोचेपर्यंत उपाय सुचला. क्लब माझा, कार्डं माझी. त्यांना एका दिवसापुरतं सभासद करून घ्यायचं. कायद्यानं उघडायला लावलेलं दार वेगळं, आपण होऊन सभासद केलेला वेगळा. कायद्याला यात तसूभरही जागा मिळत नाही. कर्नलला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला सुचतं बाबा. त्या दिवशी आम्ही मात्र इथे नसू." एक दिवसाचं कार्ड करायचं तर घटना बदलावी लागेल, पंधरा दिवसांची नोटीस लागेल, असंही म्हणाला. तेवढा वेळ कुठे आहे? नेहमीचीच कार्डं देतो.

८ ऑगस्ट, शनिवार

अर्ज लिहायला अख्खी सकाळ गेली. मजकूर दोन ओळींचा. अडलं ते वरच्या ओळीत. आमच्याकडे काळ्या माणसाला मिस्टर म्हणत नाहीत. म्हातारा झाला की काका म्हणतात, पाद्री असला तर पाद्रीबुवा. 'काका लफेट यांस' लिहून पाहिलं, तो पक्षाच्या अध्यक्षाला केलेला अर्ज वाटेना. नुसतं 'अध्यक्ष' लिहिलं, तर ओडेसा म्हणाली वहीत पूर्ण नाव लागतं. इमोजीननं जागा कोरी ठेवून बाकीचं टाइप केलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, "तेवढं तू हातानं लिही. टाइपरायटरला काय, तो काहीही लिहील."

लिहिलं. 'मि. लफेट मिम्स.' कुणी पाहिलं नाही.

१५ ऑगस्ट, शनिवार

दहा वाजता लफेटची समिती आली. एकोणीसजण, चर्चला जायच्या कपड्यांत, बायकांच्या डोक्यावर हॅट. पुढच्या दारातून एकेक करून आले आणि प्रत्येकानं थांबून मला कार्ड दाखवलं. मी दाखवा म्हणालो नव्हतो. समोर डर्वूडच्या पंपावर खूप लोक पेट्रोल भरायला थांबले होते. बऱ्याच जणांकडे गाडी नव्हती.

लफेट खिडकीजवळच्या मोठ्या टेबलाशी, कर्नलच्या खुर्चीत बसला.

"सभेआधी कॉफी होईल का?" त्यानं विचारलं. "आणि गोडाला पीचचं कॉब्लर."

मी ओडेसाला हाक मारली. ओडेसा टेबलावरच होती, हॅट घालून. "मी सभासद आहे," ती म्हणाली. "पक्षाचीही आणि क्लबाचीही. आज सुट्टी सांगितली होती तुम्हाला."

शेवटी कॉफी मीच दिली, एकोणीस कप. कॉब्लर इमोजीननं वाढलं. एक म्हातारी, मिसेस टूली, पंधरा वर्षं मागच्या खिडकीतून दर शनिवारी हेच कॉब्लर घेऊन जायची. ती हळूहळू खात होती. मग म्हणाली, "बशीत वेगळंच लागतं."

मग प्रश्न झाले. मी उभा, ते बसलेले.

"अर्जदार पक्षात कशासाठी येतो आहे?" लफेटनं वहीवरून मान वर न करता विचारलं.

मी म्हणालो, तत्त्वासाठी. माणसानं स्वतःच्या मालमत्तेत कुणाला घ्यायचं ते त्याचं त्यानं ठरवावं.

"बरोबर आहे," मिसेस टूली म्हणाली. "आता तेच चाललंय आमचं."

कुणी हसलं नाही. लफेटनं नाव सुचवलं, ओडेसानं अनुमोदन दिलं. एकोणीस हात वर झाले. लगेच अध्यक्षपदालाही माझंच नाव, पुन्हा एकोणीस हात. मी त्यांचे आभार मानले. "तुम्हा सर्वांना माझ्या समितीत मानाची जागा राहील, मिस्टर मिम्स," असंही म्हणून गेलो.

"ती लागायची नाही," लफेट म्हणाला आणि दुसरा कागद वाचला. एकोणीस राजीनामे.

"पण मग तुम्ही चाललात कुठे?"

"तुम्ही सोडलात तिथे. आता कायदा त्या पक्षानं केला. म्हटलं, तुमच्या खुर्च्या अजून गरम असतील."

वही आणि डबा माझ्या हातात दिला. मतदार यादीत नावं कशी घालायची याची चर्चा मग त्यांनी तिथेच, दुसरी कॉफी घेऊन, दीड तास केली. मी पक्षाचा अध्यक्ष. डेमोक्रॅटांच्या त्या सभेला कॉफी वाढत होतो.

२९ ऑगस्ट, शनिवार

मोठं टेबल दोन आठवडे रिकामं. साठजणांपैकी एकानंही पक्षात नाव घातलेलं नाही. डर्वूड आता पंपावरच कॉफी ठेवतो. चौकात भेटला तर म्हणाला, "ज्या कपातून ते प्यायले त्यातून आम्ही प्यायचं?" मी म्हणालो, कप धुतले आहेत. डर्वूडचं जेवणही पंधरा वर्षं ओडेसाच्याच हातचं होतं, हेही म्हणणार होतो. राहून गेलं.

दुपारी लफेट, मिसेस टूली आणि चारजण आले. कार्डं दाखवली, बसले. मी कर्नलच्या ऑफिसात धावलो.

"काढून टाक सभासदत्व," तो म्हणाला.

"तुझंच कलम आहे. दोनतृतीयांश लोक समोर बसवून."

"मग बसव."

"एकशे ब्याऐंशी सभासद आहेत, कर्नल. त्यातले शंभरावर फिरते विक्रेते. एक जोडपं ओहायोचं आहे."

कर्नलनं घटना मागून घेतली, चष्मा लावून वाचली. म्हणाला, मसुदा चोख आहे.

१९ सप्टेंबर, शनिवार

आज पुढची सगळी टेबलं भरली. निम्मे चर्चवाले, निम्मे रस्त्यावरचे. रस्त्यावरच्या माणसाला भूक लागलेली असते, तो शेजारी कोण ते फार बघत नाही. ओडेसानं पगार वाढवून मागितला. आठवड्याला सात डॉलर जास्त. क्लबाचा दर, म्हणाली. दिला. पुलापलीकडे लफेटच्या खिडकीला नवी काच बसली आहे.

४ नोव्हेंबर, बुधवार

मतमोजणी झाली. टोहाली काउंटीत रिपब्लिकन उमेदवाराला चारातली तीन मतं. सगळा जॉर्जियाच त्याच्या बाजूनं गेला; देशात मात्र तो आपटला. सकाळी कर्नल कोर्टाच्या पायऱ्यांवर भाषण करत होता. आपण मनानं कायमच रिपब्लिकन होतो, फक्त पक्ष आपल्यापर्यंत यायला उशीर झाला, असं म्हणाला. साठजण होते खरे. दुपारी सगळ्यांनी एकदम पक्षात नाव घातलं, पंपावर सभा घेतली आणि कर्नलला अध्यक्ष केलं. वही आणि डबा न्यायला कारकून आला होता. मी कॉफी विचारली, तर दारातूनच नको म्हणाला.

मेकनला उमेदवार आला तेव्हा मी मंचावर होतो. तिसऱ्या रांगेत, खांबामागे.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

एक चष्मेवाला आला. कार्ड मागितलं, तर त्यानं सरकारी ओळखपत्र काढलं. वॉशिंग्टनहून पाहणीला आलाय. मी घटना दाखवली, कार्डांची पेटी दाखवली, खासगी क्लब असल्याचं सांगितलं. तो हो हो म्हणत बसला, डुकराचं मटण आणि कॉब्लर खाल्लं, आजूबाजूला बघितलं. शेजारच्या टेबलावर मिसेस टूली तिच्या नातीला काट्यानं खायला शिकवत होती.

"इथे कार्ड कुणाला मिळतं?" त्यानं विचारलं.

"डॉलर देईल त्याला."

"आणि हे कधीपासून बसतात?"

खोटं बोलून उपयोग नव्हता, सभेची नोटीस चौकात लागली होती. तारीख सांगितली. त्यानं लिहून घेतली.

चौकशी करावी म्हणून मी विचारलं, बाकीच्यांचं कसं काय आहे. त्यानं कागद माझ्याकडे वळवला. मोटेलवाल्यानं पोहण्याचा हौद मातीनं भरून टाकलाय. औषधाच्या दुकानानं आतल्या खाण्याच्या काउंटरपुढची स्टुलं उपटून नेली आहेत, आता सगळेच उभ्यानं खातात. डर्वूडच्या पंपावरच्या संडासाला कुलूप आहे. कायद्याप्रमाणे चालणाऱ्या जागांच्या रकान्यात सगळ्या टोहाली काउंटीतून एकच नाव होतं.

हॉईट्स, कोर्टाचा चौक. १५ ऑगस्टपासून.